एका ताऱ्याला दिलेलं उत्तर

दवाखान्याच्या काउंटरवर ताईंना बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून एका पेशंटची गोष्ट बाहेर पडली असेल तर शपथ. धाकट्या दिराला मधुमेह निघाला, तेव्हा रिपोर्ट आधी ताईंच्या हातात आला. दिराने तो घरात लपवला. जाऊ त्याच्या चहात दोन-दोन चमचे साखर घालताना ताई महिनाभर बघत होत्या, पण हूं नाही की चूं नाही. जावेने पुढे त्यावरून अबोला धरला, तर तोही ताईंनी कौतुकाने मिरवला.

राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. दवाखान्याचं ऑनलाइन पान ताईंच्या गळ्यात मारताना डॉक्टरांनी एवढा तरी विचार करायला हवा होता.

एका शुक्रवारी सकाळी त्या पानावर कुणा 'त्रस्त'ने पाचपैकी एक तारा दिलेला दिसला. खाली लिहिलं होतं, 'दीड तास ताटकळले. काउंटरवरची बाई वसकन अंगावर येते.'

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदल्या दिवशी दीड तास बसलेली एकच होती, पाळणाघरात मुलं सांभाळणारी पोरगी. डॉक्टर सुट्टीवर असले तरी हिची औषधाची चिठ्ठी आपण अडू दिली नाही, आणि हिने चांगले पांग फेडले! समोर लाइन लागली होती, तरी त्यांनी उभ्या-उभ्या टाइप केलं, 'मॅडम, पाळणाघरातली ड्यूटी आटपून तुम्ही अपॉइंटमेंट न घेता आलात. तुमच्या फिटच्या गोळ्या तीन वर्षं कोणामुळे वेळेवर मिळतात, तेही लिहा की!' नाव काही त्यांनी घातलं नाही. तेवढं भान आपल्याला आहे, असं त्यांना वाटलं. चांगली जिरवली म्हणत त्या कामाला लागल्या.

वस्तीत पाळणाघर एकच होतं. तिथे कामाला दोघीच, साठीची मालकीण आणि ती.

सोमवारी तापलेल्या बाळाला घेऊन आलेल्या एका आईने काउंटरवर फोन पुढे केला. "ताई, हे तुमच्याच दवाखान्याचं ना? आमच्या पाळणाघराच्या ग्रुपवर फिरतंय. एवढी मुलं हिच्या हातात, आणि आम्हाला पत्ताच नाही!"

ताईंनी वाकून बघितलं, फोटोत त्यांचंच उत्तर होतं. त्यांनी ते उत्तर तिथल्या तिथे काढून टाकलं. पानावरून ते गेलं, पण त्या आईच्या फोनमधल्या फोटोत तसंच होतं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, पण तू लिहिलंस त्यात खोटं काय होतं?" खोटं काहीच नव्हतं, आणि तेच ताईंना खात राहिलं.

गुरुवारी ती आली. बसायला जागा नव्हती इतकी गर्दी. आता ही बोंब मारणार, असं ताईंना वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. ती काउंटरवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "माझी फाइल द्या."

"अगं, चुकलं माझं. रागाच्या भरात झालं. मी येते पाळणाघरात, मालकिणीशी बोलते."

"काय सांगाल? तीन वर्षांत एकदाही फिट आली नाही, हे? म्हणजे तेही तुम्हीच सांगणार." तिने ओठ आवळले. "मंगळवारी काढलं मला. एका आईने माझ्या कडेवरून बाळ ओढून घेतलं. रडत होतं ते."

ताईंनी फाइल दिली. "तुला दुसरे डॉक्टर सांगते. चांगले आहेत."

"तिथेही काउंटरवर कुणीतरी बसलेलं असेलच." तिने फाइल पिशवीत कोंबली. "आणि फोन करू नका, नंबर बदललाय. ग्रुपवरची माणसं दिवसभर फोन करत होती. गोळ्याही बंद केल्यात. घरमालकीण कचऱ्यातली पाकिटं बघायला लागलीय."

ती वळली. या गोळ्या एकदम सोडल्या की काय होतं, हे ताईंनी याच खोलीत पाहिलं होतं. त्या ताडकन उठल्या. ओरडायला हवं होतं, गोळ्या सोडू नकोस, आज घरी जाऊन पहिली गोळी घे. त्यांनी तोंड उघडलं, तर खोलीभर माणसं त्यांच्याकडेच बघत होती.

ताईंनी तोंड मिटलं. काउंटरची फळी उचलून त्या धावल्या, तोवर जिना रिकामा होता.