दोन आधार

पडद्यावरचा तो ठिपका हिरवा होता, मोहरीएवढा, आणि त्यातून इतक्या रेघा निघाल्या होत्या की मोजताना तिची नजर दोनदा चुकली. एक्केचाळीस. पंप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे एक्केचाळीस भाग, आणि प्रत्येकाच्या माहितीपुस्तिकेत आता पुस्तिका लिहिणारं नवं यंत्र आपणहून तिने पूर्वी लिहिलेलं ते वाक्य घालणार होतं — पंप बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद थांबा.

"ताई, सगळ्यात भक्कम वाक्य तुमचंच निघालं," शेजारच्या खुर्चीतली आलेखवाली म्हणाली. सहा महिने खपून तिनेच हे जाळं विणलं होतं: कोणता भाग कशावर अवलंबून, कोणती माहिती कुठून आली. "चांगले दोन-दोन आधार आहेत. तुम्ही मान्यता दिलीत की झालं."

दोन आधार... एक तिची जुनी पुस्तिका. दुसरा, प्रोग्राममधली ओळ. आणि ती लिहिणाऱ्याने शेजारी इमानेइतबारे नोंदवलं होतं — 'पुस्तिकेप्रमाणे'.

म्हणजे दोन्हीकडे तीच! ती पुस्तिका लिहीत होती त्या दुपारी आई न्हाणीघरात पडल्याचा फोन आला, पंपाचा इंजिनिअर जेवायला गेलेला, पुस्तिका संध्याकाळी छपाईला जायची — तिने दहा लिहिलं, दहाच का, देव जाणे, पाचही लिहिलं असतं, तीसही... उद्या विचारून घेऊ म्हणत ती जिना उतरली. उद्या आईचं ऑपरेशन होतं. परवा ती विसरली. "एवढी धावत कशाला आलीस गं?" आईने विचारलं होतं, आणि तिला रडू फुटलं होतं.

सकाळपासून तिला धाकधूक होती ती वेगळीच. हे यंत्र आपल्या पोटावर पाय देणार. नवऱ्याने चहा गाळताना चिडवलंही होतं, "आता घरी बसून मला सूचना लिहून दे." आता वाटत होतं, देईना का पाय. ज्याला आपली थाप ओळखता आली नाही, त्याच्याशी भांडायचं तरी काय? पण बोलावं, तर एकोणीस वर्षं लिहिलेल्या पानापानावर लोक बोट ठेवतील. गप्प बसावं, तर कुठेतरी कुणी पंपापाशी दहा मोजून बटण दाबेल, आणि दहा पुरे नसतील...

"मग करू ना पुढे?"

एकोणीस वर्षांत तिला एकाही माणसाने विचारलं नव्हतं, हे कशावरून? त्याला ती विश्वास समजत आली होती. आज पहिल्यांदा तिला त्याचा राग आला — सगळ्यांचा, स्वतःचा — आणि निदान या पोरीने तरी विचारावं म्हणून ती तिच्याकडे नुसती बघत राहिली.