दॉन एलादियोंनी केलेला फोन

आमच्या कोस्टा रिकात माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं जमत नाही. लग्नाला येणार का, असं विचारलं तर न येणारासुद्धा 'देवाची इच्छा असेल तर' म्हणतो. छप्पर दुरुस्त करणारा 'सोमवारी नक्की' म्हणतो आणि कुठला सोमवार ते सांगत नाही. समोरच्याचं मन राखायचं आणि आपलं नाव चांगलं ठेवायचं, एवढंच त्यामागे असतं. हानिया सोलेरा याच मातीत वाढली होती, म्हणूनच राजधानी सान होसेच्या विधिमंडळात समितीच्या बैठकीला बसताना तिला चैन नव्हतं. साक्ष द्यायला येणारा माणूस चांगला होता, आणि चांगला माणूस नेमकं काय बोलेल याचीच तिला धास्ती होती.

हानिया अर्थशास्त्र आणि कायदा दोन्ही शिकलेली, समितीची सल्लागार. सायबर सुरक्षेच्या नव्या कायद्याचा मसुदा तिनेच लिहिला होता. त्यातल्या चौदाव्या कलमावर तिचा विशेष जीव होता: आपल्या यंत्रणेत कुणी घुसल्याचं जो लगेच कळवेल, त्याच्यावर त्या चुकीबद्दल खटला चालणार नाही. हे कलम काढून टाकावं असा प्रस्ताव समितीचे अध्यक्ष दॉन ओल्मन बेनाविदेस यांनी आणला होता ('दॉन' म्हणजे आमच्याकडचं 'राव', बाईला 'दोन्या'). ते गेलं असतं तर केब्रादा मान्सा गावच्या पाणी समितीचे म्हातारे अध्यक्ष, दॉन एलादियो, यांच्यावरचा खटला पुढे सरकणार होता. राहिलं, तर खटला तिथेच संपणार होता, कारण आमच्याकडे कडक कायद्याला मागे जाऊन कुणाला पकडता येत नाही, पण सौम्य कायद्याला मागे जाऊन सोडवता येतं.

झालं होतं असं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, अर्धा देश समुद्रावर गेलेला असताना, एलादियोंना पाणी समितीच्या संगणकावर एक ईमेल आला. वरच्या कार्यालयाचं नाव होतं आणि क्लोरीन सोडणाऱ्या यंत्रासाठी नवा प्रोग्राम आहे, इथे दाबा, असं लिहिलं होतं. त्यांनी दाबलं. दुपारी कॉफी पिताना त्यांनी तो ईमेल बायकोला, मिरेयाला, कौतुकाने दाखवला. ती खालचा पत्ता वाचून थांबली. रस्त्याचा क्रमांक, इमारतीचा क्रमांक, टपालाचा आकडा, सगळं कसं शिस्तीत होतं. आता आमच्याकडे पत्ता म्हणजे 'जुन्या अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर दक्षिणेला, हिरव्या फाटकाचं घर', आणि ते झाड पडून एक पिढी उलटलेली असते. सरकारी कार्यालयंही आपला ठावठिकाणा असाच सांगतात. हे लिहिणाऱ्याने या देशात कधी साधं पार्सलसुद्धा पोचवलेलं नाही, असं मिरेया म्हणाली. एलादियोंच्या हातातला कप हातातच राहिला.

तेव्हा त्यांना गप्प बसता आलं असतं. संगणक बंद करायचा आणि सुट्टी संपेपर्यंत देवावर हवाला ठेवायचा, कुणाला काही कळलं नसतं. पण नदीच्या खालच्या अंगाच्या सगळ्या गावांची यंत्रं त्याच जाळ्यात जोडलेली होती. एलादियोंनी एकेका गावाला फोन लावले. कार्यालयं बंद होती, म्हणून लोकांच्या घरी लावले, कुणी समुद्रावर होतं त्याला तिथे गाठलं, शेवटी जिल्ह्याच्या इस्पितळातही लावला. प्रत्येकाला तेच सांगितलं, की मी मूर्खपणा केलाय, यंत्र माझ्या ताब्यात राहिलेलं नाही, पाण्यात क्लोरीन किती पडतंय ते मला सांगता येत नाही.

गावांनी यंत्रं बंद करून हाताने क्लोरीन घालायला घेतलं. इस्पितळाने नळ बंद केले आणि टँकर मागवला. त्या दिवशी तिथे डायलिसिसच्या खाटेवर हानियाची आई, दोन्या एल्बा, होती. ते पाणी यंत्रातून तिच्या रक्ताशी गेलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी नंतर हानियाला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून ती त्या न पाहिलेल्या माणसाची ऋणी होती. तोंड धुवायला नळ सोडला तरी तिला त्याची आठवण यायची. आणि त्याच फोनांवरून सरकारने त्याच्यावर निष्काळजीपणाचा खटला भरला होता.

ही गोष्ट लपवून मसुद्यावर बोलणं तिच्या मनाला पटेना. बैठकीच्या आधी ती दॉन ओल्मनकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. दॉन ओल्मन तोंडाने फटकळ, पण माणूस सरळ. त्यांनी आईची चौकशी केली, कॉफी मागवली आणि मग म्हणाले, "दोन्या हानिया, सांगितलंत हे बरं केलंत. पण आता चौदाव्या कलमावर तुम्ही तोंड उघडायचं नाही. साक्षीदाराशीही आधी बोलायचं नाही."

तिने मान्य केलं. त्यांच्या जागी आपण असतो तरी हेच सांगितलं असतं, असं तिला वाटलं. ओल्मन यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. आपण सैन्य केव्हाच मोडीत काढलं, ते म्हणायचे, आता देशाच्या वेशीवर उभे असतात ते पाणीवाले, वीजवाले आणि इस्पितळातले कारकून. पहाऱ्यावर डुलकी काढणाऱ्याला शिक्षा नाही झाली तर उद्या सगळेच झोपतील. हानियाचा हिशेब वेगळा होता. चूक एकाची असते आणि लपवण्याची किंमत शेजारी मोजतो, म्हणून सांगणं हे लपवण्यापेक्षा स्वस्त पडलं पाहिजे. पण आज तिला हे बोलायची परवानगी नव्हती.

एलादियो आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी हातात धरून. त्यांनी दारातल्या शिपायापासून सगळ्यांना नमस्कार केला. एका सदस्याने त्यांना कुठून आलात विचारलं, तेव्हा त्यांनी गाव सांगितलं, गावचं चर्च सांगितलं आणि चर्चपासून घर किती मीटरवर ते सांगितलं. सगळे हसले. मिनिटभरात खोलीतल्या प्रत्येकाला ते आवडून गेले, आणि हानियाचा जीव आणखीनच टांगणीला लागला.

ओल्मन यांनी त्यांना खुर्ची दिली. त्या दिवसाची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, मध्ये कुठे अडवलं नाही. मग पुढे झुकून म्हणाले, "दॉन एलादियो, मी एकच विचारतो. फोन केला तर आपल्यावर खटला होईल, हे त्या दिवशी ठाऊक असतं, तरी तुम्ही फोन केला असतात का?"

हानियाला याचीच धास्ती होती. हाच तो प्रश्न. त्यात कावा नव्हता, ओल्मनना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण आमच्या देशातला कुठलाही भला माणूस याला काय उत्तर देईल हे शेंबडं पोरही सांगेल. 'अर्थात केला असता, साहेब.' सगळे माना डोलावतील, कुणी टाळ्याही वाजवील. आणि मग भली माणसं शिक्षेचं भय असतानाही कळवतातच, तर हे कलम हवं कशाला, असं म्हणून त्यावर काट मारतील. आपल्याच चांगुलपणाने एलादियो स्वतःचा खटला पक्का करतील आणि त्यांना ते कळणारही नाही.

एलादियोंनी टोपी गुडघ्यावर ठेवली. समोरचे सगळे चेहरे त्यांच्याकडे मायेने बघत होते.

"हो म्हणावंसं फार वाटतंय," ते म्हणाले. "सकाळी शर्टाला इस्त्री करताना बायकोनंही तेच बजावलंय, की असलं काही विचारलं तर हो म्हणा."

पुन्हा हसू फुटलं.

"पण नाही, साहेब. नसता केला."

हसू थांबलं.

"त्या दिवशी मला भीती होती ती लाजेची. म्हातारा फसला, लोक हसतील, एवढीच. कॉफी गार होईस्तोवर ती गिळली आणि फोन उचलला. तुरुंगाची भीती असती तर ती गिळता आली नसती. मी वायर काढून ठेवली असती, आणि मग सगळ्यांबरोबर मीही म्हणालो असतो, अरेरे, हे असं कसं झालं."

"म्हणजे खालची गावं..." ओल्मन म्हणाले.

"हो. तेच सांगतोय. सांगायला बरं नाही वाटत." त्यांनी टोपी पुन्हा हातात घेतली. "आणि आता तर सगळ्या पाणी समित्यांना कळलंय की फोन करणाऱ्याचं काय होतं. पुढच्या वेळी माझ्या भरवशावर राहू नका, साहेब. त्यांच्याही राहू नका."

ओल्मन बेनाविदेस यांनी समोरचा मसुदा पुढे ओढला. मग त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. लपवणाऱ्याला जबर शिक्षा हवी, असं मात्र त्यांनी तिथल्या तिथे जोडायला लावलं, आणि ते हानियाला योग्यच वाटलं. तिने खाली मान घालून ते मसुद्यात जोडलं. मोठेपण हातात आयतं आलं असताना या माणसाने ते सगळ्यांसमोर परत देऊन टाकलं होतं. आईसाठी ती त्यांची ऋणी होतीच, आज यासाठी झाली.

पावसाळा सरता सरता कायदा मंजूर झाला आणि खटला मिटला. हानियाने एलादियोंना आईच्या घरी बोलावलं. जुनं थिएटर होतं तिथून शंभर मीटर पश्चिमेला, असा पत्ता सांगितला. थिएटर केव्हाच पाडलेलं, तरी ते नेमके दारात येऊन उभे राहिले. त्यांनी घरचं चीज आणलं होतं.

हानियाने आभाराचं भाषण मनात तयार ठेवलं होतं. ते सुरू करायला तिला सवडच मिळाली नाही. एलादियो घरात येताच दोन्या एल्बांनी गुळाचं गरमागरम पाणी केलं. पाहुण्याला मोठा मग भरून दिला आणि स्वतःला दोन घोट घेतले, कारण डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं.

एलादियो मगला हात लावेनात. "दोन्या एल्बा, आधी एक सांगतो," ते म्हणाले. "मी तिथे सगळ्यांसमोर बोललोय, की खटल्याचं माहीत असतं तर फोन केलाच नसता. तुम्ही त्या दिवशी इस्पितळात होता, आणि मी असं बोललो."

"ऐकलंय मी रेडिओवर," दोन्या एल्बा म्हणाल्या. "न केलेल्या फोनाची काळजी त्या साहेबांनी करावी, त्यांना त्याचा पगार आहे. मी जगले ती केलेल्या फोनावर. प्या आता, गार होतंय."

दॉन एलादियोंनी दोन्ही हातांनी मग उचलला, तळापर्यंत संपवला, आणि आणखी मागितलं.