कोमेजलेलं फूल

पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावच्या सात पोरांचा दरवर्षी एक जुलैला सकाळी नऊला होणारा स्मरणविधी यंदा दुपारी दोनला, आणि छातीवर लावायची फुलं प्लास्टिकची, हे ऊना पेनीला चर्चबाहेरच्या फलकावरून कळलं. तिला विचारलं कुणीच नव्हतं. गेली चाळीस वर्षं न्यूफाउंडलंडच्या या कोळीगावाला 'विसरू नको' नावाची निळी फुलं तिच्याच कुंपणातून जात होती. तोडल्यावर तासा-दोन तासांत मान टाकणारं फूल. म्हणून सगळं सकाळीच.

तिनं स्मरणविधी समितीच्या ब्रेंडनला धक्क्यावर गाठलं.

"दुपारी कशाला?"

"अहो ऊनाताई, सकाळी उठतंय कोण? दोनला कॅनडा दिनाचा केक कापायचाय, माणसं आयतीच जमतात."

"म्हणजे मेलेल्यांना केकच्या रांगेत उभं करायचं!"

"तुमची फुलं फोटोत मरगळलेली दिसतात हो. ही बघा, कशी टवटवीत!"

ऊनाच्या अंगाची लाही झाली. तिचा भाचा सेल्बी अफगाणिस्तानच्या युद्धात एक पाय ठेवून आला होता. दोनला मंचावर त्याचाच सत्कार ठेवलेला.

"आत्या, भांडू नकोस," तो म्हणाला. "मला नऊलाच फूल लाव."

एक तारखेला नऊला धुक्यात, स्मारकाच्या दगडापाशी दोघंच होती. समोरच्या एकाही घराचा पडदा हलला नाही. ऊनानं दगडावरची सातही नावं मोठ्यानं, त्या पडद्यांना ऐकू जावीत अशी वाचली. सात फुलं ठेवली, आठवं सेल्बीच्या कोटाला टाचलं.

दोनला मंचावर ब्रेंडन प्लास्टिकचं फूल घेऊन पुढे आला.

"ते मेलेलं काढ आधी, सेल्बी. फोटो आहे."

खाली बसलेली ऊना ताडकन उठली. सेल्बीनं कोटावरच्या फुलावर हात ठेवला.

"एकोणीसशे सोळा साली आजच्याच दिवशी आपली पोरं सव्वानऊला खंदकातून निघाली. अर्ध्या तासात संपली. दहाला फोटो काढला असतास, तर अशीच दिसली असती."

ब्रेंडनचा हात तसाच पुढे राहिला. सेल्बी लाकडी पायऱ्यांवर कृत्रिम पाय आपटत खाली उतरला.

"पुढच्या वर्षी फुलं पुरतील ना, आत्या?"

"अख्ख्या गावाला पुरून उरतील."

"गावाचं राहू दे. सातजणांचं विचारतोय."