रचना : पारंपरिक

वैदेहीला इंग्रजी गाण्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे तिनं मुख्याध्यापिकाबाईंना नवी पुस्तिका आली त्याच दिवशी सांगून टाकलं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या खाजगी शाळेत ती एकोणीस वर्षं गाणं शिकवत होती. संगीत विशारद, गळा गोड, तंबोरा लावून रोजचा रियाज. पण नववीच्या नव्या पुस्तिकेत ‘जगाचं संगीत’ असा एक भाग आला होता आणि त्यात रॉक अँड रोलचा सुरुवातीचा इतिहास सहा तासांत उरकायचा होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही नाही तर कोण, पीटीचे सर शिकवणार का? तेव्हा वैदेहीचा नाइलाज झाला.

तिचा नवरा अनुराग मलाजखंडच्या खाणीत इंजिनियर होता आणि शनिवारी घरी यायचा. पुस्तिकेतलं इंग्रजी अडलं की ती त्याला फोन करायची. बाकीचं तिनं स्वतःच शोधलं. पंधरा दिवस रोज जेवणं आटोपली की कानाला इयरफोन लावून ऐकत बसायची. आधी सगळा गोंगाटच वाटला. मग हळूहळू वेगवेगळे धागे हाताला लागले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांची गाणी, त्यांच्या चर्चमधली भजनं, गोऱ्या खेडुतांची गिटारवरची गाणी. हे सगळं मिळून साधारण सत्तर वर्षांपूर्वी एक नवीनच चीज तयार झाली होती. काळ्या लोकांच्या रेकॉर्डी तिथं बरीच वर्षं वेगळ्या नावाखाली, वेगळ्या यादीत विकल्या जात. गोऱ्यांची पोरं त्या रेडिओवर ऐकायला लागली, तेव्हा कुठं दुकानदारांचे डोळे उघडले.

वैदेहीला सगळ्यात अवघड गेली ती टाळी. ही गाणी चार मात्रांची, पण टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तिचा हात जन्मभर समेवर, पहिल्या मात्रेवर पडलेला. तो दुसऱ्या मात्रेची वाट पाहायला तयारच होईना. वर्गातल्या मुलांना दोन मिनिटांत जमलं, बाईंना तीन तास लागले. मुलं हसली, तीही हसली.

चौथ्या तासाला तिनं एकच गाणं दोनदा ऐकवलं. आधी एका काळ्या गायकाची मूळ रेकॉर्ड, आणि मग काही आठवड्यांतच एका गोऱ्या गायकानं म्हटलेलं तेच गाणं. दुसऱ्यात खटकणारे शब्द काढून टाकले होते, आवाजातली खरखर गेली होती, आणि खप मात्र त्याचाच जास्त झाला होता. तिनं मुलांना फरक विचारला. श्रुतिका नावाची मुलगी उठली. घरी मराठी बोलणारी, पण शाळेत तोंडात हिंदीच. ती म्हणाली, “मॅडम, दूसरा वाला इस्त्री किया हुआ लगता है.”

वर्ग हसला. श्रुतिका खाली बसली नाही. तिनं विचारलं, की ज्याचं गाणं होतं तो ते रेडिओवर ऐकत असेल, तेव्हा त्याला कसं वाटत असेल?

वैदेहीनं काहीतरी उत्तर दिलं. मग तिनं रोझेटा थार्पबद्दल सांगितलं. चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर म्हणणारी काळी बाई. पुढं नावाजलेल्या कितीतरी जणांनी जिचं वाजवणं ऐकून हात बसवला, ती गेल्यावर तिच्या कबरीवर पस्तीसेक वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. तास संपला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सातवीच्या मुलींनी शाळेचं नेहमीचं गाणं म्हटलं. ‘बांधी भरली गं पाण्यानं, कंबर वाकली गं पऱ्ह्यानं.’ पऱ्हे म्हणजे भाताची रोपं; ती पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात लावतानाचं गाणं. वैदेहीनंच शाळेत आणलेलं, तिच्याच चालीवर बसवलेलं. शाळेच्या डायरीत ते छापलेलं होतं आणि खाली ‘रचना : वैदेही मॅडम’ असं होतं. पेटीवर बोटं फिरत असताना तिला एकाएकी समोरच्या डायरीतल्या त्या ओळीकडे बघवेना.

बावीस वर्षांची असताना ती रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत राजेगावला मामाकडे गेली होती. मामाची तिथं महाराष्ट्राच्या सीमेलगत बरीच शेती. त्याच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बायांमध्ये दुर्गाबाई होती. ती म्हणायला लागली की बाकीच्या बाया उचलून धरायच्या. वैदेहीनं बांधाच्या धुऱ्यावर बसून गाणं उतरवून घेतलं. त्यात एक कडवं मालकावर होतं: मालक छत्रीखाली बसतो आणि ऊनही त्यालाच लागतं, असं. मालक म्हणजे तिचा मामाच. तिनं ते गाळलं आणि तिथं सावळ्या मेघाचं एक गोंडस कडवं स्वतः रचून घातलं. चाल केरवा तालात सरळ बसवली. रेडिओची परीक्षा ती त्याच गाण्यावर पास झाली. फॉर्ममध्ये रचनाकाराचा रकाना होता, तिथं तिनं आपल्या हातानं ‘पारंपरिक’ लिहिलं. पुढं ते रेडिओवर कितीदा तरी लागलं. तिला ही नोकरी मिळाली त्यातही त्या गाण्याचा हात होता. डायरी छापताना कुणीतरी ‘पारंपरिक’ काढून तिचं नाव घातलं, आणि ती काही बोलली नाही.

शनिवारी तिनं हे अनुरागला सांगितलं. तो म्हणाला, की लोकगीतं अशीच फिरतात, सगळेच तसं करतात, आणि तू काही त्यातून बंगला बांधला नाहीस. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तिचं समाधान झालं नाही. रविवारी सकाळी ती गोंदियाच्या बसमध्ये बसली आणि राजेगावला उतरली.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेती वाटण्यांत गेली होती. दुर्गाबाईचं घर विचारत विचारत सापडलं. सत्तरी ओलांडलेली बाई ओसरीवर पाय पसरून तांदूळ निवडत होती. गुडघे गेल्यामुळे दोन वर्षांपासून चिखलात उतरणं बंद होतं. मुलगा नथ्थू रोवण्यावर गेला होता. नथ्थूच्या मुलीनं पाणी आणून दिलं. दुर्गाबाईनं वैदेहीला आवाजावरून ओळखलं. मामांच्या शेवटच्या दुखण्याची, मामींच्या पोरांची चौकशी झाली. मग वैदेहीनं गाण्याचा विषय काढला, तेव्हा नथ्थूची मुलगीच मध्ये बोलली, की आजीला ते रेडिओवालं गाणं येतं ना, पूर्ण येतं.

दुर्गाबाईनं तांदळातून मान वर केली नाही.

“आयकलं का, बाई? गावातल्या साऱ्या पोरी असंच म्हंतेत. म्हातारी रेडिओवरचं गाणं शिकली म्हंतेत. पयले मी सांगत जाओ, का हे आमचं होय. मंग सोडून देलं. कोणाकोणाले सांगाव?”

आपण नाव दिलं नाही एवढंच वैदेहीच्या डोक्यात होतं. ज्या बाईचं गाणं, तिलाच तिच्या गावानं नक्कल करणारी ठरवलं असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की मावशी, चूक माझी आहे, मी फॉर्ममध्ये पारंपरिक असं लिहिलं.

“म्हंजे काय?”

“म्हणजे जुनं, पूर्वीपासून चालत आलेलं. कुणी केलं ते माहीत नसलेलं.”

“माहीत नसाले काय झालं?” दुर्गाबाई पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाली. “अर्धं म्या केलं, अर्धं शेवंतानं केलं. मोठा पूर आलता त्या साली, तुह्या मामाच्याच बांधीत. मालकाचं कडवं शेवंताचं होय. तेच तू काढून टाकलं.”

दुर्गाबाईच्या जोडीनं रोवणा करणारी ही शेवंताबाई सहा वर्षांपूर्वी वारली होती. ती शेवटपर्यंत रेडिओवर त्या कडव्याची वाट बघायची, असं दुर्गाबाईनं सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. मग सूप बाजूला ठेवून तिनं वैदेहीला गाणं म्हणायला लावलं. दोन ओळींतच थांबवलं.

“असं नाई, बाई. पाय मांगं घेतला, का मंग रोप चिखलात दाबाचं. जोर तिथं येते. तू पयल्यालेच दाबून राह्यली. तू बसून गायली, म्हणून.”

तिनं मांडीवर थाप देऊन दाखवलं. दुसऱ्या मात्रेवर. वैदेहीनं थाप द्यायचा प्रयत्न केला. गेल्या पंधरवड्यात हाताला थोडी सवय झाली होती, तरी दोनदा चुकली. दुर्गाबाई पुढं सगळं गाणं म्हणाली, मालकाच्या कडव्यासकट. आवाज आता जाडा झाला होता, वरचा सूर लागत नव्हता, पण जोर जिथं हवा तिथं पडत होता. वैदेहीनं फोनवर ते घेतलं आणि वहीत दोघींची नावं लिहून दुर्गाबाईला वाचून दाखवली. दुर्गाबाईनं ‘शेवंता’ खोडून ‘शेवंताबाई’ लिहायला लावलं.

सोमवारी वैदेही मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. नावं बदलायला त्यांची हरकत नव्हती. पुढच्या वर्षीच्या डायरीत होऊन जाईल, म्हणाल्या. मालकाचं कडवं परत घालायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. पंधरा ऑगस्टला संस्थेचे अध्यक्ष येणार, ते स्वतः मोठे शेतकरी, त्यांच्यासमोर मुलींनी मालकाची टिंगल गायची? गाणं एवढी वर्षं चांगलं चाललंय, तसंच चालू द्या. वैदेही शाळेत कधी वाद घालणारी नव्हती. त्या दिवशीही तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, की मग मुलींना मी दुसरं गाणं बसवून देते; हे अर्धं गाणं आता माझ्याच्यानं शिकवलं जाणार नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की तुमची मर्जी.

रॉक अँड रोलच्या सहाव्या, शेवटच्या तासाला वैदेहीच्या बोलावण्यावरून नथ्थू आईला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. दुर्गाबाई खुर्चीवर बसली, चपला नीट जोडून बाजूला ठेवल्या. वैदेहीनं मुलांना सगळं सांगितलं: गाणं कुणाचं, नाव कुणी घातलं नाही, कडवं कुणी आणि का काढलं. आपलं नावही तिनं घेतलं. आपल्या बाई असं काही सांगतील, याची मुलांना सवय नव्हती. मग दुर्गाबाईनं गायला सुरुवात केली आणि मुलांच्या टाळ्या आपोआप दुसऱ्या मात्रेवर पडल्या. तिला त्याचं नवल वाटलं. ही पोरं कुठं रोवणा करायला गेलती, असं तिनं विचारलं. मालकाच्या कडव्याला सगळ्यात मोठा हशा आला, आणि ते त्यांनी तिला तीनदा म्हणायला लावलं.

पंधरा ऑगस्टला मुलींनी देशभक्तीपर गीत म्हटलं. गाणं बदललंय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोघींची नावं घालावीत म्हणून रेडिओला वैदेहीनं पत्र लिहिलं, त्याचं उत्तर यायचं होतं. अनुरागला वाटलं, आता हे संपलं.

पण दुर्गाबाईनं जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. शेवंताबाईची आणखी पुष्कळ गाणी होती, दहा-बारा तरी, आणि ती आता फक्त तिला येत होती. तीही सगळी पुरती नाहीत. तेव्हा वैदेही रविवारी राजेगावला जायला लागली. एक रविवार आड करून अनुरागही यायचा, गाडी घेऊन. दिवाळीपर्यंत सात गाणी लिहून झाली, प्रत्येकाखाली नाव घालून. दोन गाण्यांची मधली कडवी दुर्गाबाईला काही केल्या आठवेनात. शेवंताबाईची धाकटी बहीण विमलाबाई हट्टा या गावी दिलेली होती, तिला येत असतील, असं दुर्गाबाई म्हणाली.

दिवाळीनंतर वैदेही, अनुराग आणि दुर्गाबाई असे तिघं हट्ट्याला गेले. विमलाबाईनं आधी सांगितलं, की मले काई येत नाई, सारं भुलली. चहा झाला. दुर्गाबाई सहज म्हणून पहिली ओळ गुणगुणली, तशी विमलाबाईनं तिला अडवलं. शब्द तसा नाहीच, म्हणाली. दोघी इरेला पेटल्या. एकीचं म्हणणं शेवंता ‘नदीपल्याड’ म्हणायची, दुसरीचं ‘नदीकाठानं’. अर्धा तास झाला तरी दोघींपैकी कुणी मागं हटेना. वैदेहीनं पान दोन भागांत आखलं आणि दोन्ही ओळी लिहून घेतल्या.