मारून मोडलेली नाही

देवरामने खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि हॉकीची स्टिक वरपासून खालपर्यंत वाजवत आला. मुठीपाशी आवाज खणखणीत आला. त्याच्या खालीही आला. मधे जिथे काळं कवच चिरलं होतं, तिथे आवाज एकदम बसला. देवरामने तिथे खडूने रेघ ओढली, आणखी खाली वाजवलं, पुन्हा बसका आवाज आला. वीतभर खाली गेल्यावर त्याने दुसरी रेघ ओढली आणि नाणं खिशात टाकलं.

“चीर दिसते दोन बोटांची,” तो म्हणाला. “आतले पदर सुटलेत ते एवढे.”

हर्षाली दुकानाच्या दारात उभी होती. बसायला स्टूल होतं, पण त्यावर कुणाच्या तरी मोटरसायकलच्या दिव्याचा फुटका मास्क वाळत ठेवला होता.

“जोडता येईल ना?”

“जोडता काय येत नाही, मॅडम?”

ही नुसती बढाई नव्हती. वसईला बोटी बांधणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं काढून देवराम जव्हारला परतला होता आणि एसटी डेपोमागे त्याने हे दुकान टाकलं होतं. हेल्मेट, जीपचे मडगार्ड, पाण्याच्या टाक्या, जे म्हणून फायबरचं असेल ते फुटलं की त्याच्याकडे यायचं आणि धड होऊन जायचं. नम्रपणाशी त्याचं वैर नव्हतं, पण त्याची गरज अशी कधी पडली नव्हती.

“वरचं कवच घासायचं, कापड गुंडाळायचं, रेझिन भरायचं, दोन दिवस वाळवायचं. जोड असा बसेल की वरून ट्रक गेला तरी हलणार नाही.”

“मग करा. बारा दिवसांवर चाचणी आहे पोरीची.”

“ऐका तरी. जोड नाही मोडणार. जोडाच्या शेजारी मोडेल.” त्याने खडूच्या रेघेच्या बाहेर बोट ठेवलं. “बोटीचंही असंच असतं. ठिगळ घट्ट झालं की ते लवत नाही, मग लवायचं सगळं काम शेजारच्यावर पडतं. आणि हा माल लाकडासारखा मोडत नाही, सुया सुटतात त्याच्या. पोरीच्या हातात जातील, नाहीतर समोरचीच्या पायात. वर सत्तर-ऐंशी ग्रॅम वजन वाढेल ते वेगळंच.”

सत्तर ग्रॅम म्हणजे काय, हे हर्षालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विद्यापीठाच्या संघात ती तीन वर्षं लेफ्ट हाफ खेळली होती. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिने ही कंपोझिट स्टिक एका मैत्रिणीकरवी जालंधरहून मागवली. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत ती खेळाची शिक्षिका होती, आणि तिथल्या पोरी शाळेच्या जाडजूड लाकडी स्टिकांनी खेळायच्या. ही काळी स्टिक फक्त तिची. रविवारी सकाळी मैदान रिकामं असलं की ती एकटीच चेंडू घेऊन उतरायची, तासभर खेळायची आणि स्टिक पुसून कपाटात ठेवायची. या एप्रिलमध्ये सुट्टी लागली तेव्हा तिने ती पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला दिली, नवशीला.

नवशी सूर्यमाळची. नववी झालेली. चेंडू कुठे येणार हे तिला चेंडूच्या आधी कळायचं, हिसकावून घेण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. फक्त तिची हिट कमी पडत होती. नाशिकच्या निवड चाचणीत हिट बघतात, आणि निवड झाली तर पुढची सगळी वर्षं क्रीडा वसतिगृहात, चांगल्या मैदानावर. चांगल्या स्टिकने हिट सुधारेल असा हर्षालीचा हिशेब होता. “कातळावर खेळायचं नाही,” एवढंच तिने दोनदा बजावलं होतं.

चार दिवसांपूर्वी नवशी टॉवेलात गुंडाळलेली स्टिक घेऊन जव्हारला हर्षालीच्या घरी आली आणि दारातच म्हणाली, “मॅडम, कातळावर खेळले. मोडली.”

हर्षालीचा हात चौकटीवर घट्ट झाला होता. पण चाचणी तोंडावर आली असताना खेळाडूला दुखवायचं नसतं, हे तीच इतरांना शिकवायची. “बरं. ठेव तिथे,” ती म्हणाली होती. “चहा घेऊन जा.” नवशी चहा पिऊन खाली मान घालून गेली. आपल्या संयमाचं हर्षालीला तेव्हापासून थोडं कौतुकच वाटत होतं.

“आणि एक,” देवराम म्हणाला. “ही मारून मोडलेली नाही.”

“म्हणजे?”

“चेंडू मारून मोडली असती तर खाली वाकाजवळ गेली असती. कातळावर आपटली असती तर टोक फुटलं असतं. टोक बघा, नुसतं खरचटलंय.” त्याने स्टिक उलटी केली. चिरेच्या बरोबर मागच्या बाजूला कवच आत चेपलं होतं आणि त्यात करडी दगडाची पूड घट्ट बसली होती. “खाली दगडाचा टेकू दिलाय आणि वरून जोर लावलाय. एकीचा नाही, दोघी-तिघींचा. हिची पहार केलीय कुणीतरी.”

हर्षालीने त्या पुडीवरून बोट फिरवलं. मग तिचा चेहरा तापला. स्टिक मोडली ती मोडली. वस्तू आहे, मोडते. पण तोंडावर खोटं? आणि आपण वर चहा पाजला!

“खोटं बोलणाऱ्या पोरीला घेऊन मी नाशिकला जाणार नाही,” ती म्हणाली.

“ते तुमचं तुम्ही बघा,” देवराम म्हणाला. “तुमचं ठरेपर्यंत मी हिला हात लावत नाही.” आणि त्याने स्टिक वर फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याची एसटी, तिथून जीप, आणि जीप जिथे थांबते तिथून पायी. मे महिना सरत आला होता. उन्हाने वाट पांढरी पडली होती. वाटभर हर्षाली काय बोलायचं ते मनात जुळवत होती, आणि नवशीच्या पाड्यावर पोचेपर्यंत तिच्याकडे चांगलं धारदार भाषण तयार झालं होतं.

ते भाषण ऐकायला नवशी घरी नव्हती. तिची आई मंगळी अंगणात नाचणी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, खाट ओढली आणि तांब्या पुढे केला.

“बस, बाय. आधी पानी पी. नवशी झिऱ्यावं गेली हाय पान्याला, येल आता.”

शेजारच्या दोघी-तिघी बाया आल्या. पदर सावरून दाराशी बसल्या आणि हर्षालीकडे बघून हसू लागल्या. त्यांच्यातली हौशी म्हणून एक दणकट बाई होती. ती मंगळीला म्हणाली, “हीच का गं, काठीवाली बाय?”

“हीच,” मंगळी म्हणाली, आणि हर्षालीकडे वळली. “बाय, तुमच्या काठीनं लय मोठा काम केला बघा.”

“काय काम केलं?” हर्षालीने विचारलं. तिचा आवाज अजून भाषणातलाच होता.

“नवशीनं सांगला नाय? दरड सुटली नं एवढा धोंडा झिऱ्यात बसला. तोंडच बुजला झिऱ्याचा. आम्ही सात जनी लागलो, हलं ना. पाड्याची पहार बाप्ये घेऊन गेलेत, भिवंडीकडं कामावं. ते येतील पावसाला.”

“दोन लाकडा घातली,” हौशी म्हणाली. “दोनी मोडली.”

“तीन दिस पानी नव्हता. खालच्या नदीवं जायाचा, नं वर यायाचा. मंग नवशी आली खेळून. बघत उभी राहिली जरा. नं घातली काठी धोंड्याखाली. म्हनली, या गं सगल्या, जोर लावा. काठी बोलली कडाक, नं धोंडा गेला गडगडत खाली.”

“तीपन मोडली,” हौशी म्हणाली, “पन धोंडा काढून मोडली.” आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

हर्षालीच्या हातात अर्धा तांब्या उरला होता. तो तिने खाली ठेवला नाही, संपवलाही नाही. रागाला बसायला जागाच उरली नव्हती आणि तरीही तो गेलेला नव्हता. हे फार अवघड होतं.

तेवढ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन नवशी चढणीवरून आली. मॅडमना बघून ती क्षणभर थांबली, पण हंडे हलले नाहीत. मंगळीने उठून वरचा हंडा उतरवून घेतला, खालचा नवशीने स्वतः उतरवला. ओढणीने तोंड पुसलं आणि समोर येऊन उभी राहिली.

“देवरामकडे दाखवली स्टिक,” हर्षाली म्हणाली. “जोडून देतो म्हणाला.”

“जोडू नका, मॅडम.”

हे उत्तर हर्षालीला अपेक्षित नव्हतं. “का?”

“तिच्यानं मी अर्धीच मारायचे.” नवशीने दोन्ही हात स्टिक धरल्यासारखे पुढे केले आणि सोडले. “तुम्ही म्हणायच्या, हिट कमी पडते. शाळेत लाकडीनं खेळायचे तेव्हा पडत होती थोडी, ते खरंय. पण तुमच्या काठीनं जास्तच पडायला लागली. अर्धं ध्यान बॉलवर नं अर्धं काठीवर. तिला काय झालं तर? जोडल्यावर तर सगळंच ध्यान काठीवर जाईल.”

“मग नाशिकला काय घेऊन जाणार?”

“शाळेतली लाकडी.”

“ती जड आहे, नवशी.”

“मी हंडे वाहते, मॅडम.”

दाराशी कुणीतरी खुदकन हसलं. हर्षालीलाही हसू येत होतं, ते तिने दाबलं. देवरामने इतकं सगळं समजावलं होतं, जोड, ठिगळ, सुया, वजन. या पोरीने तेच दोन वाक्यांत निकालात काढलं, आणि तेही स्टिकच्या बाजूने नाही, हाताच्या बाजूने. जोडण्यात अर्थ नव्हता. तेवढं एक ठरलं.

दुसरं राहिलं होतं.

“मग मला हे का नाही सांगितलंस? दारात उभी राहून कातळावर खेळले म्हणालीस. खोटं का बोललीस?”

मंगळीने चमकून लेकीकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं. नवशीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणल्या असत्या?”

“काय म्हणणार? बरं केलंस म्हणाले असते.”

“तेच.” नवशी थांबली. तिला शब्द सापडत नव्हते असं नाही, ते मॅडमसमोर बोलावेत का, याचा ती विचार करत होती. मग बोललीच. “पान्यासाठी मोडली म्हटल्यावर तुम्हाला रागावता आलं नसतं. कोन रागवेल? काठी पन गेली असती नं वर बरं केलंस म्हणावं लागलं असतं. म्हणून म्हटलं कातळावर खेळले. म्हटलं, तुम्ही मला चांगलं रागवाल, दोन फटके पन द्याल. मन मोकळं होईल तुमचं.” तिने मान वर केली. तिच्या आवाजात आता थोडी तक्रारच होती. “तर तुम्ही चहा दिलात.”



बरं केलंस, हे शब्द हर्षालीच्या अगदी ओठांवर आले होते. ते खरेही होते. पाणी तिच्या हातातल्या तांब्यातच होतं, त्यापुढे आणखी काय बोलायचं? पण त्या शब्दांच्या खाली दुसरं काहीतरी इतके दिवस अडकून पडलं होतं, आणि या पोरीने ते बघितलं होतं. घरच्यांनी बघितलं नव्हतं, देवरामला दिसलं नव्हतं, तिने स्वतः तर वळूनही पाहिलं नव्हतं.

तिने तांब्या खाली ठेवला आणि ती उभी राहिली.

“माझी होती ती,” ती म्हणाली. पहिलं वाक्य हळूच निघालं. दुसरं तसं निघालं नाही. “माझी होती, नवशी! सात जणी होतात ना तुम्ही इथे? एकीला खोडाळ्याला जाऊन पहार मागून आणता आली नसती? घरात सगळे म्हणाले होते, आता लग्नाचं बघ, आता काय खेळणार आहेस. तरी घेतली मी. अजूनही खेळते, कळलं? रविवारी खेळते मी! आता कशाने खेळू? तू लाकडीने खेळशील, मी कशाने खेळू? तुला दिली ती धोंडे उपटायला दिली का? आणि नाशिकला जर अर्धी मारलीस ना, एक जरी हिट अर्धी मारलीस, तर बघ, तिथेच मैदानावर—”

तिचा आवाज चिरकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही आणि बोलणंही थांबवलं नाही.

बाया घाबरून उठल्या. जव्हारहून आलेली शिकलेली बाई अशी भर अंगणात ओरडताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. मंगळी हात जोडून पुढे आली.

“बाय, पोरीला नका बोलू, आम्हीच तिला—”

नवशीने हात आडवा घालून आईला अडवलं. ती मॅडमसमोर ताठ उभी होती, खाली बघत होती आणि एकेक शब्द ऐकून घेत होती.

“बोलू दे, आये,” ती म्हणाली. “त्यांची काठी होती.”