फोटोतली माघी

मी एक जुना कॅमेरा आहे. रोल घालायचा नव्हे, कार्ड घालायचा. पण माझ्यासारखे आता कुणी विकत घेत नाही, म्हणून जुनाच म्हणायचा.

जव्हारच्या हेमंत गुरुजींनी मला नाशिकहून आणलं. तेव्हा ते वांगणीच्या शाळेवर होते. मित्रांनो, माणूस मोठा हट्टी. "फोटो कॅमेऱ्यातच व्हायला हवा, घरी येऊन नाही," असं ते सगळ्यांना ऐकवत. मला ट्रायपॉडवर चढवून मनासारखं ऊन पडेपर्यंत बसून राहत. मुंगळे चावले तरी उठत नसत. फांदी मध्ये आली तर ती मोडत नसत, आपण बाजूला सरकत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

भाद्रपदातल्या एका सकाळी उतारावरून धुकं वाहत होतं. मोहाच्या झाडाभोवती ते ओढणीसारखं लांबलेलं दिसावं, असं गुरुजींच्या मनात होतं. त्यासाठी माझा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसट होतं. नागलीच्या शेताकडे निघालेली पाड्यावरची माघी डोक्यावर इरलं घेऊन झाडाखाली थांबली होती.

"माघीबाय, जरा हालू नका," गुरुजी म्हणाले.

धुकं वाहिलं, गवत डोललं, माघी मात्र पापणीही न लववता उभी राहिली. असा फोटो माझ्याकडून पुन्हा निघाला नाही.

"आता हालू का, गुरजी?" तिने विचारलं. माझ्या पाठीवरच्या पडद्यावर स्वतःला बघून ती लाजली. "फोटू मला बी द्या हां."

"छापून देतो की," गुरुजी म्हणाले, आणि ते राहूनच गेलं.

पुढे निसर्गाच्या फोटोंची एक स्पर्धा निघाली. फोटोत माणूस नको, असा नियम होता. गुरुजींनी लॅपटॉपवर तोच धुक्याचा फोटो उघडला. मग त्यांनी माघीला पुसायला घेतलं. आधी इरलं गेलं, मग लुगडं, शेवटी पाय. तिच्या जागी शेजारचं धुकं आणून भरलं. नव्या नावाने ठेवायचा तो फोटो त्यांनी घाईत त्याच नावावर ठेवला, आणि माघीचा मूळ फोटो गेला. माझं कार्ड तर केव्हाच रिकामं झालं होतं. मी टेबलावर होतो, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

पहिला नंबर आला. शाल मिळाली, फोटो मोठा होऊन भिंतीवर लागला. तेव्हापासून गुरुजींना धीर धरवेना. कसाही फोटो काढावा आणि आभाळ घरी बसून भरावं, असं सुरू झालं. त्याला मोबाइलही पुरला. मी काचेच्या कपाटात गेलो. इथल्या दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी चढली.

यंदा माघी वारली. तिची लेक रंजना वीटभट्टीवरून परतली ती थेट गुरुजींकडे आली.

"आयसचा फोटू द्या, गुरजी. तिचं दिस घालू तवा पुढं ठेवाचा हाय."

"घरात दुसरा नाही का एखादा?"

"एक हाय, दवाखान्यातला. पन तो छातीचा हाय."

गुरुजींनी लॅपटॉप धुंडाळला, खण उपसले. शेवटी भिंतीवरचा फोटो उतरवून तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, तिरपा धरला, पदराने काच पुसली.

"आयस कठं हाय?"

"इथंच होती." गुरुजींनी धुक्यावर बोट ठेवलं.

 फोटो भिंतीला टेकवून रंजना निघून गेली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. त्याचा उपयोग नाही. माझ्यात माघी उरलेली नाही. रंग वाढवा, आभाळ बदला, तुम्हाला अडवणारा मी कोण? फक्त फोटोतून एखादं माणूस काढून टाकण्याआधी त्याच्या घरी जा, आणि याचा दुसरा फोटो आहे का, एवढं विचारून या.