चौदा साड्यांची हळद

परत आलेलं खोकं कसं उघडायचं याचं उन्नतीने एक शास्त्रच करून टाकलं होतं. मोबाइल स्टँडवर लावायचा, पंखा बंद करायचा, खोक्यावरचं लेबल कॅमेऱ्याला दाखवायचं, मग टेप कापायची, आणि शेवटच्या साडीची शेवटची घडी उलगडेपर्यंत व्हिडिओ थांबवायचा नाही. दार वाजलं तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. पूजेला बसलेला माणूससुद्धा मध्ये शिंकतो, त्याला देव काही म्हणत नाही. ऍपवाले म्हणतात.

घणसोली गावात सासऱ्यांनी बांधलेल्या चार मजली घरात वरचे तीन मजले भाडेकरूंचे आणि तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली उन्नतीची. तिथे भिंतभर रॅक आणि रॅकभर पिवळ्या साड्या. आगऱ्यांच्या घरी लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. लग्नाला एक वेळ नाही गेलं तरी चालतं, हळद चुकवली तर सात पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. त्या हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात आणि त्या साड्या नवरदेवाच्या आईने जावा-नणंदांना मानाने द्यायच्या असतात. उन्नतीने नेमकं हेच हेरून तीन वर्षांपूर्वी ऍपवर दुकान काढलं. धंदा बसला. पण धंद्याबरोबर परतीची खोकीही यायला लागली, आणि गेल्या वर्षभरात त्या खोक्यांनी तिचा जीव नकोसा केला होता.

कारण हळद एका दिवसाची. साडी नेसा, नाचा, फोटो काढा, घडी घाला आणि 'रंग आवडला नाही' म्हणून परत करा. घ्यायला माणूस दारात येतो, काही खर्च नाही. इकडे उन्नतीने तक्रार केली की ऍपवाले पुरावा मागणार. पहिल्या तक्रारीत खोकं उचलताना लेबल क्षणभर कॅमेऱ्याबाहेर गेलं, म्हणून ती फेटाळली. दुसऱ्या वेळी साडीऐवजी जुनी चादर आली. तेव्हा 'वजन जुळते' असं उत्तर आलं. तीन तक्रारी खोट्या ठरल्या की दुकान कायमचं बंद, असा नियम. आता एकच उरली होती, आणि त्यातच करंजाड्याहून एकदम चौदा साड्यांचं खोकं परत आलं.

उन्नतीने पंखा बंद केला आणि सुरुवात केली. पहिली साडी उलगडताच तिला कळलं. खांद्यावर पिनेची भोकं, निऱ्यांना चुण्या, आणि सगळ्या साड्यांना घामाचा, मोगऱ्याचा, हळदीचा मिसळलेला वास. पण कॅमेऱ्याला वास येत नाही, आणि पिवळ्यावर पडलेला पिवळा डाग तर डोळ्यांनाही नीट दिसत नाही. तरी ती एकेक साडी उलगडून तोंडाने सांगत होती, हे बघा भोक, ही बघा चुणी. नवव्या साडीपर्यंत तिचा आवाज बसला.

सासूबाई, म्हणजे सुमित्राबाई, मोरीत कपडे धूत होत्या, त्या हात न पुसताच दारात आल्या. सुमित्राबाई धवलारीन. लग्नात विधी चालू असताना धवले, म्हणजे मंगलगीतं, गाणारी बाई ती धवलारीन. तिच्याशिवाय जुन्या लोकांच्या घरी पान हलत नसे. पन्नास वर्षं हळदीत वावरलेल्या त्या बाईला सून मोबाइलपुढे अशी रडकुंडीला आलेली बघवेना.

"अशी काय दावतेस? त्यांना दिसनार हाय का?" त्या म्हणाल्या. "ह्यो घे."

आणि उन्नती 'आई, थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी साबणाचा ओला हात साडीच्या पदरावर दाबला. डाग रक्तासारखा लाल झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"बग आता! हलद हाय का नाय?" सुमित्राबाईंनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं.

यापेक्षा सरळ पुरावा जगात दुसरा नसेल. उन्नतीला क्षणभर वाटलं, सुटलो. तिने व्हिडिओ पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऍपच्या मदतकेंद्रातून श्यामसुंदर नावाच्या माणसाचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

"मॅडम, आपली अडचण मी समजू शकतो. पण व्हिडिओत आपल्याच बाजूच्या एक ज्येष्ठ महिला मालावर लाल डाग पाडताना दिसतायत."

"अहो, तो डाग पाडला नाही, दाखवला! हळद होती त्यावर. साबण लावला की हळद लाल होते."

"तशी नोंद आमच्याकडे नाही, मॅडम."

"नोंद कसली? तुमच्या आईला विचारा!"

विचारायला हवं असं त्यालाही वाटलं असेल, पण त्याच्यापुढे लिहून ठेवलेल्या उत्तरांत आई नव्हती. त्याने एकच वाट सांगितली. खरेदीदाराने स्वतःच्या ऍपवर 'वस्तू वापरली होती' हे बटण दाबलं, तर परतीचे पैसे थांबतील, माल खरेदीदाराकडे राहील आणि दुकान वाचेल. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

उन्नतीने फोन ठेवला. तिला राग आला नाही, याचंच तिला वाईट वाटलं. वर्षापूर्वी तिने आकाशपाताळ एक केलं असतं. आता नुसते खांदे दुखत होते. नवरा कामाला कळंबोलीला, आणि त्याला सांगितलं तर तो म्हणणार, बंद कर ना हे, आपल्याला काय कमी आहे. कमी काही नव्हतं. पण घरात भाडी सासऱ्यांच्या नावावर येत, पगार नवऱ्याच्या नावावर येई, आणि उन्नतीच्या नावावर त्या ऍपवरचं दुकान एवढंच होतं.

"पत्ता हाय ना?" सुमित्राबाईंनी विचारलं. गुन्हा त्यांचाच, त्यामुळे फोन संपेपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या. "मंग चल. आपलीच मान्सा असतील."

डाग पडलेली साडी त्यांनी पहाटेच धुऊन काढली होती. चौदाही साड्या घडी करून खोक्यात भरल्या, आणि दोघी बसने पनवेलला आणि तिथून रिक्षाने करंजाड्याला गेल्या. नेसलेली साडी ती नेसलेलीच, ती कितीही धुतली तरी दुकानात परत मांडता येत नाही. मांडली तर आपणही त्यांच्यातलेच.

घर मोठं होतं. दारावर लग्नाची चित्रं अजून ताजी, अंगणात मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच. दार उघडणाऱ्या बाईने आधी खोक्याकडे पाहिलं, मग सुमित्राबाईंकडे, आणि तिचा चेहराच उतरला.

"सुमित्रामावशी? तुमी?"

"गोजरा का तू? अगं, तुझ्या लग्नाला मीच गायली हुती!"

झालं. ज्या बाईने आपल्या लग्नात धवले गायले तिच्यापुढे खोटं बोलणं म्हणजे देव्हाऱ्यापुढे खोटं बोलणं. गोजराने दोघींना आत घेतलं, पाणी दिलं आणि सोनलला, म्हणजे आपल्या मुलीला, हाक मारली. भावाच्या हळदीच्या साड्या सोनलनेच मागवल्या होत्या आणि परतही तिनेच केल्या होत्या. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

उन्नतीने सगळं सांगितलं. ओरडली नाही. मुदत सांगितली, बटण सांगितलं, दुकान बंद होईल हे सांगितलं.

"साड्या नेसल्या आमी," गोजरा म्हणाली. "काय खोटं बोलू? मांडव, बेन्जो, जेवनावल, सगला हाताबाहेर गेला. सोनल बोलली, आये, निदान साड्यांचं तरी परत येईल."

"पन गोजरा," सुमित्राबाईंनी हळूच विचारलं, "मानाच्या साड्या तू बायकांकडशी परत कशा मागितल्यास?"

उत्तर सोनलने दिलं. "साडीचा रंग जातो, बदलून देनार हाय, असं सांगितलं सगल्यांना."

दिलेला मान परत घेणं याला आपल्याकडे शब्दच नाही, कारण तसं कोणी करत नाही. चौदा घरी जाऊन, चौदा वेळा खोटं बोलून गोजराने त्या साड्या गोळा केल्या होत्या. उन्नतीला तिचा राग यायला हवा होता. पण त्या चौदा घरांच्या पायऱ्या चढताना गोजराचं काय झालं असेल, हेच तिच्या मनात आलं. आपण दोघी सारख्याच थकलोय, असं तिला वाटलं.

"बटन दाबते मी," सोनल म्हणाली. "पन हे बाहेर गेलं तर आयेला भावकीत तोंड दाखवायला जागा नाय राहनार. तुमी कुनाला सांगनार नाय, असं बोला."

"गावदेवीची शपथ," सुमित्राबाई लगेच म्हणाल्या. "मी नाय आनि माझी सूनबी नाय. त्या साड्या तू धुऊन, बदलून आल्या म्हनून वाट, गोजरा. मान मानाच्या जागी जाऊ दे."

साडेचार वाजता सोनलने बटण दाबलं. गोजराने पदराने डोळे पुसले, चहा टाकला. कितीतरी महिन्यांनी उन्नतीने खुर्चीला पाठ टेकली.

चहा अर्धा झाला असेल, तोच दारातून एक धिप्पाड बाई आत आली. गोजराची मोठी जाऊ, गंगू. खोकं तिने लांबूनच पाहिलं होतं.

"साड्या आल्या वाटतं बदलून?" तिने विचारलं आणि उन्नतीकडे मान वळवली. "तूच का ती साडीवाली? घनसोलीची?"

"हो."

"काय गं बाय, असा माल विकतेस? हलदीच्या दिवशी साडी बघून मी खूश झाली. पुढच्या म्हयन्यात माझ्या पोराची हलद, साठ साड्या तुझ्याकडनंच घेनार हुती. आनि गोजरा सांगते, रंग जातो! खरा का गं? खराच जातो का रंग?"

उन्नतीने गोजराकडे पाहिलं. गोजरा कपातल्या चहाकडे बघत होती. सोनल आत निघून गेली. सुमित्राबाईंचे ओठ हलले, साबणाचा हात घेऊन धावलेली ती बाई आताही धावायला तयार होती. पण शपथ त्यांनीच घेतली होती, तीही गावदेवीची. त्यांनी ओठ मिटले.

हा प्रश्न वर्षभर उन्नतीला कोणी विचारला नव्हता. ऍपवाल्यांनी लेबल विचारलं, वजन विचारलं, नोंद विचारली. तुझा माल खरा आहे का, असं पहिल्यांदाच कोणीतरी समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून विचारत होतं, आणि ऐकून घ्यायलाही तयार होतं.

"हो," उन्नती म्हणाली. "एक गठ्ठा खराब निघाला. रंग जात होता त्याचा."

"बग, कबूल तरी केलंस," गंगू म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच माया होती. "पन साठ बायकांचा सवाल हाय, बाय. आमी दुसरीकडे सांगितलाय. उरनच्या माझ्या भैनीला, उलव्याच्या मामीला, समद्यांना सांगितलाय मी, घनसोलीच्या साड्या नका घेऊ. राग मानू नको."

"नाही, राग कसला," उन्नती म्हणाली. तिने चहा संपवला, कारण मानाचा चहा टाकून उठत नाहीत.

रिक्षात मोबाइल वाजला. उन्नतीने वाचलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

"कुनाचा?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"ऍपवाल्यांचा. तक्रार खरी धरली. दुकान चालू ठेवलंय."

"म्हंजे जिकलीस ना?"

"जिंकले, आई," उन्नती म्हणाली आणि रिक्षावाल्याला पनवेलच्या बस डेपोशी सोडायला सांगितलं.